ठाणे परिसरात देशी कोंबड्यांचा पैदास कळप: जात कशी निवडायची, सुरुवात कशी करायची

मुरबाड, शहापूर, बदलापूरकडे थोडी जागा असलेले किंवा नवी मुंबईच्या गावठाणात अजून अंगण राखून असलेले लोक देशी कोंबड्या पाळायचं मनावर घेतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: कडकनाथ घेऊ का? त्याआधी विचारायला हवं ते वेगळंच. घरच्या अंड्यांपुरत्या आठ-दहा कोंबड्या हव्यात, की एखादी जात टिकावी, तिची चांगली पिलं वर्षानुवर्षं आपल्या खुराड्यातून निघावीत, असं वाटतंय? अंड्यांसाठी कुठलीही धडधाकट कोंबडी चालते. जात टिकवायची तर निवड कडक लागते, नर जास्त पाळावे लागतात आणि वही लिहावी लागते. पुढचं सगळं या दुसऱ्या कामाबद्दल आहे.

आधी जागेचं बघा. पैदाशीच्या कळपात पाच-सहा कोंबडे असतात आणि ते पहाटे चारला आरवतात. ठाणे किंवा वाशीच्या सोसायटीत हे जमणार नाही, शेजाऱ्यांवर लादूही नये. गावठाणात शेजार ओळखीचा असेल तर एक नर आणि चार-पाच माद्या निभावतात, पण तेवढ्यावर जात टिकत नाही. कल्याण, भिवंडी, अंबरनाथ, मुरबाड, शहापूर या तालुक्यांत दोन-तीन गुंठे मोकळी जागा आणि रोज संध्याकाळी कोंबड्या डालायला हक्काचं माणूस, एवढं असेल तरच पुढे जा. फक्त शनिवार-रविवार जाऊन हे काम होत नाही.

देशी म्हणून काय विकलं जातं

बाजारात ‘गावरान’ या नावाखाली तीन प्रकारचे पक्षी मिळतात. वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराज, कावेरी हे पक्षी संशोधन संस्था, विद्यापीठं आणि सरकारी केंद्रांनी परसबागेसाठी मुद्दाम तयार केले. ते भराभर वाढतात, अंडी चांगली देतात आणि घरच्या उपयोगाला उत्तम आहेत. पण ते संकरातून आलेले असल्यामुळे त्यांची पिलं आईबापांसारखी निघत नाहीत. रंग, वजन, अंडी सगळं विस्कटतं. सरकारी योजनेतून मिळणारे तलंगांचे (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्यांचे) गटही बहुतेक याच प्रकारचे असतात. दुसरा प्रकार व्यापाऱ्यांच्या ‘डीपी क्रॉस’चा. दिसायला गावरान, पण मागचं कूळ कुणालाच सांगता येत नाही. पैदाशीला हे दोन्ही नकोत.

तिसरा प्रकार खरी देशी जात. तिची पिलं पिढ्यान्‌पिढ्या तशीच निघतात. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने कोंबड्यांच्या विसाच्या आसपास देशी जाती नोंदवल्या आहेत. त्यातली एक आपल्या राज्याची आहे आणि तिचं नाव ठाण्यात फारसं कुणी घेत नाही.

बसरा

नंदुरबार-धुळ्याचा आदिवासी पट्टा आणि त्याला लागून असलेला दक्षिण गुजरात हे बसराचं घर. अंग बहुतेक पांढरं, त्यात तांबूस-तपकिरी किंवा काळी पिसं मिसळलेली, तुरा लाल आणि एकेरी. पक्षी लहान: पूर्ण वाढलेला नर किलो-सव्वा किलोचा, मादी त्याहून थोडी हलकी. पाचव्या ते सातव्या महिन्यात अंड्यावर येते आणि वर्षाला ४० ते ५५ लहान अंडी देते. हे आकडे ऐकून पुष्कळ जण मागे फिरतात. पण हा पक्षी चपळ आहे, दिवसभर फिरून आपलं पोट बरंचसं आपणच भरतो, खुडूक बसतो, म्हणजे अंडी उबवतो, आणि पिलं सांभाळतो. पैदाशीच्या कळपात या गुणांना मोल आहे. कारण दर पिढीला यंत्र आणि विजेवर विसंबून राहावं लागलं तर लहान पाळणाऱ्याचा उत्साह दोन वर्षांत ओसरतो.

बसरा आणायची तर नवापूरच्या बाजूला जावं लागेल. सुरत-भुसावळ मार्गावरचं नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे, तसाच हा पक्षीही दोन्हीकडचा. आठवडी बाजारातून घेऊ नका. पाड्यांवर जा, घरोघरी कळप बघा आणि चार-पाच वेगवेगळ्या घरांतून पक्षी उचला. याच नवापूरमध्ये २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि त्या भागातल्या कोंबड्या मोठ्या संख्येने मारल्या गेल्या. एखादी जात एकाच पट्ट्यात राहिली तर काय होऊ शकतं, हे त्यावरून कळतं. ठाणे जिल्ह्यात बसराचा एखादा नीट राखलेला कळप असावा असं मला मनापासून वाटतं, ते यामुळे.

कडकनाथ

मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलीराजपूरचा पक्षी. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. वर्षाला ८० ते १०५ अंडी, नर दीड ते दोन किलोचा. त्याला मागणी आहे, नाव आहे, पण नावामुळेच फसवणूकही सर्वांत जास्त होते. २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथच्या नावाने शेतकऱ्यांचे पैसे बुडाले, ते प्रकरण बहुतेकांना आठवत असेल. ‘पिलं आमच्याकडून घ्या, अंडी आम्हीच घेऊ’ असं सांगणाऱ्या कुणाकडूनही पैदाशीचे पक्षी घेऊ नका. झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी आधी नोंदणी करून पिलं घेणं केव्हाही बरं. आपल्या जवळ गोरेगावच्या आरे कॉलनीत केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे. तिथेही कोणत्या जाती उपलब्ध आहेत याची चौकशी करावी.

खरेदी करताना पिसांवर जाऊ नका. चोच उघडा, जीभ आणि टाळू बघा. तुरा, गलोल (चोचीखाली लोंबणारी कातडी), पाय, नखं, गुदद्वाराभोवतीची कातडी हे सगळं काळं किंवा काळपट हवं. इथे एक मेख आहे. कातडी काळी करणारं जनुक प्रभावी असतं, म्हणजे कडकनाथ आणि दुसऱ्या कोंबडीच्या संकरातही काळी पिलं निघू शकतात. लबाडी पुढच्या पिढीत उघडी पडते, तेव्हा तुरे तांबडे आणि पाय फिके दिसायला लागतात. म्हणून विकणाऱ्याकडे फक्त पिलं पाहून भागत नाही, त्यांचे आईबाप आणि मोठी भावंडं बघायला मागा. दाखवायला कां-कू केली तर तिथून निघा. दुसरी गोष्ट, कडकनाथ कोंबडी खुडूक कमी बसते. उबवणी यंत्र तरी हवं किंवा पिलं काढायला दोन-तीन गावठी कोंबड्या तरी. त्या गावठी कोंबड्या वेगळ्या खुराड्यात ठेवा, कारण कडकनाथचं अंडं आतून-बाहेरून काळं नसतं. ते फिकट तपकिरी असतं आणि गावठी अंड्यात सहज मिसळून जातं.

असील, उघड्या मानेची आणि आपल्या गावची

असील देखणा आहे: ताठ उभा, मान लांब, तुरा अगदी छोटा, पाय दणकट, नर तीन-चार किलोचा. मादी उत्तम आई असते. तरीही नवशिक्याने असीलने सुरुवात करू नये असं माझं ठाम मत आहे. नर एकमेकांना रक्तबंबाळ करतात, त्यामुळे प्रत्येकाला वेगळं खुराडं लागतं. पिलंसुद्धा लवकर भांडायला लागतात. शिवाय या जातीच्या मागे झुंजी लावणारे लोक येतात. कोंबड्यांची झुंज लावणं हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली गुन्हा आहे. अशा माणसाला पक्षी विकू नये.

उघड्या मानेची कोंबडी उन्हाळ्यात बरी तगते, कारण मानेवर पिसं नसल्याने अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते. मुरबाडचा एप्रिल सोसायला हा गुण चांगला. मात्र मानेवर पुंजका असलेले दोन पक्षी जोडलेत तर काही पिलं पूर्ण उघड्या मानेची, काही पुंजक्याची आणि काही साध्या मानेची निघतील. ते पाहून कळप भेसळीचा आहे असं समजू नका.

राहिली आपली स्थानिक कोंबडी. मुरबाड-शहापूरच्या ठाकर, कातकरी, वारली पाड्यांवरची. ती कुठल्याही यादीत नाही, रंग नाना तऱ्हेचे, पण इथल्या पावसात, मुंगसा-घारींच्या तडाख्यातून पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेलेली. नवापूरची खेप जमत नसेल तर मी कडकनाथआधी हिला पसंती देईन. वेगवेगळ्या पाड्यांवरून माद्या घ्या आणि पहिल्या वर्षी रंगाकडे बघू नका. कुठल्या कोंबडीने बसवलेल्या अंड्यांतली जास्तीत जास्त पिलं मोठी केली, एवढंच पाड्यावरच्या बाईला विचारा. तिला ते नेमकं माहीत असतं.

एक अट कुठल्याही जातीला लागू आहे. पहिली तीन वर्षं एकच जात ठेवा. बसरा आणि कडकनाथ एका आवारात फिरले की दोन्ही जाती गेल्या.

पक्षी हातात घेऊन बघणं

पक्षी पारखायला संध्याकाळी जावं, कोंबड्या खुराड्यात परतताना. लंगडणारा, मागे राहणारा, पंख पाडून चालणारा पक्षी तेव्हाच नजरेत भरतो. मग दोन्ही पंख अंगाशी धरून पक्षी उचला. छातीचं हाड बोटांनी चाचपा: ते सरळ हवं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मांस लागायला हवं. नुसतं धारदार हाड लागलं तर पक्षी खंगलेला आहे. डोळे स्वच्छ आणि बाहुली गोल हवी. नाकपुड्यांवर चिकट ओल नको, आणि पक्षी कानाशी धरला तर छातीतून घरघर ऐकू येता कामा नये. पंखाखाली आणि शेपटीच्या मुळाशी पिसं फुंकरीने बाजूला करा, उवा किंवा त्यांच्या अंड्यांचे पांढरे झुपके लगेच दिसतात. पायाचे खवले गुळगुळीत हवेत. ते उचललेले, चुनकट दिसले तर पायाची खरूज आहे. चोच वाकडी, बोटं मुडपलेली किंवा पाठीला बाक असलेला पक्षी कितीही सुंदर असला तरी पैदाशीला नको.

तीन-चार महिन्यांच्या तलंगा आणि त्याच वयाचे नर घ्यावेत. एक दिवसाची पिलं स्वस्त पडतात, पण नर-मादी कळत नाही आणि मरही जास्त होते. जुन्या कोंबड्यांबरोबर जुने रोग येतात. पक्षी आणल्यावर निदान तीन आठवडे वेगळ्या जागी ठेवा आणि त्यांचं काम घरच्या कोंबड्यांचं आटोपल्यावर करा. याच काळात पशुवैद्यकाकडून पुलोरम रोगाची रक्ताची तपासणी करून घ्या. हा रोग मादीकडून अंड्यातून पिलांत उतरतो. पैदाशीचा कळप म्हणताना ही तपासणी टाळू नये.

खरेदीचा हंगाम दसरा-दिवाळीचा. पाऊस सरलेला असतो, तलंगा जानेवारी-फेब्रुवारीत अंड्यावर येतात, मार्चमध्ये पिलं निघतात आणि मृगाच्या आत ती तीन महिन्यांची होतात. जुलैत काढलेली पिलं जगवणं आपल्या दमट हवेत फार कठीण.

किती नर, किती माद्या

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. एक नर आणि दहा माद्या म्हणजे अकरा पक्षी, पण त्यांची सगळी पिलं एकाच बापाची. पुढच्या वर्षी भाऊ-बहिणीच जोडल्या जातात. नात्याच्या हिशेबाने कळप खरा किती पक्ष्यांइतका धरायचा, हे काढायची साधी रीत आहे: नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज. एक नर आणि दहा माद्यांना उत्तर येतं ३.६, म्हणजे एका पिढीत जवळच्या नात्यातल्या प्रजननाची वाढ पावणेचौदा टक्के. सहा नर आणि पंधरा माद्या ठेवल्या तर उत्तर १७ आणि वाढ तीन टक्क्यांच्या आत. ही वाढ जास्त झाली की अंडी कमी फळतात, पिलं अशक्त निघतात आणि लोक दोष जातीला देतात.

म्हणून तीन खुराडी करा: लाल, निळं, पिवळं. प्रत्येकात पाच माद्या आणि प्रत्येक घराण्याचे दोन नर. एक नर माद्यांबरोबर राहील, दुसरा सगळ्या राखीव नरांच्या वेगळ्या खुराड्यात, काही आठवड्यांनी अदलाबदल. पक्ष्यांच्या पायात त्या त्या रंगाची प्लास्टिकची कडी घाला. पिलं मोठी झाली की नियम एवढाच: माद्या आईच्या खुराड्यात राहतात, नर पुढच्या खुराड्यात जातात. लालचे निळ्यात, निळ्याचे पिवळ्यात, पिवळ्याचे लालमध्ये. दर पिढीला हेच. या पद्धतीने बाहेरून नर न आणता कळप बरीच वर्षं चालतो.

परका नर चुकून माद्यांत शिरला तर त्याला काढल्यावर तीन आठवडे त्या खुराड्यातली अंडी उबवायला ठेवू नका. मादीच्या शरीरात नराचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. तेवढे दिवस ती अंडी स्वयंपाकघरात जाऊ द्या.

खुराडं आणि खाणं

आपल्याकडे खुराड्याचा खरा शत्रू ओल. जोतं दीड-दोन फूट उंच, छपराची पागोळी भिंतीपासून तीन फूट पुढे, लांबी पूर्व-पश्चिम, बाजू जाळीच्या आणि पावसात वाऱ्याच्या बाजूला सोडायला ताडपत्री. आत प्रत्येक पक्ष्याला रात्रीपुरती दोन-तीन चौरस फूट जागा पुरते, बाहेरचं आवार जितकं मोठं तितकं चांगलं. खाली भाताचं तूस चार बोटं अंथरा, ते आपल्याकडे भातगिरणीवर मिळतं. जुलै-ऑगस्टमध्ये ते रोज हलवा आणि ओलं झालेलं काढून टाका. ओल्या तुसातून रक्ती हगवण येते आणि दोन दिवसांत पिलांचा फडशा पाडते. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डेड घ्या आणि फूटभर जमिनीत गाडा. मुंगूस, घूस आणि रानमांजर साध्या जाळीला जुमानत नाहीत.

नुसत्या कणी-कोंड्यावर पैदाशीची कोंबडी ठेवू नका. अंडी येतील, पण पिलं अशक्त निघतील. अंड्यावरच्या माद्यांना साधारण १६ टक्के प्रथिनं असलेलं खाद्य आणि वेगळ्या भांड्यात शिंपल्यांचा चुरा द्या. चुरा खाद्यात मिसळलात तर तो नरांच्याही पोटात जातो आणि जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडाला बाधतं. पावसाळ्यात बुरशीचा वास आलेला मका फेकून द्या.

अंडी बसवणं

मादी अंड्यावर आल्यावर पहिल्या महिन्याची अंडी खाऊन टाका, ती लहान असतात. उबवायची अंडी दिवसातून दोनदा गोळा करा, धुऊ नका, टोक खाली करून घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा आणि चार-पाच दिवसांत बसवा. आपल्या उकाड्यात अंड्यातला गर्भ उबेशिवायच अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने खुराड्याचा रंग आणि तारीख लिहा.

खुडूक कोंबडीखाली तिच्या आकाराप्रमाणे दहा-बारा अंडी पुरेत. यंत्र वापरलंत तर तापमान ३७.५ अंश, आर्द्रता ५०-५५ टक्के. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं थांबवून आर्द्रता ६५ च्या वर न्यायची. वीज जाणाऱ्या गावात इन्व्हर्टरशिवाय यंत्र घेऊ नका. सातव्या रात्री खोलीत अंधार करून अंडं टॉर्चवर धरा. फळलेल्या अंड्यात मध्ये लाल ठिपका आणि त्यातून फुटलेल्या बारीक शिरा दिसतात. शिरांऐवजी लाल कडं दिसलं तर गर्भ मेलेला आहे. पूर्ण स्वच्छ दिसणारं अंडं फळलेलंच नाही. कुठल्या खुराड्यातली किती अंडी फळली नाहीत हे लिहून ठेवा. एकाच खुराड्यातली सारखी वाया जात असतील तर नर बदला.

लसी

पहिल्या दिवशी मरेक्स, पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा (मानमोडीवरच्या लसीचा) थेंब डोळ्यात, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गंबोरो, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात देवी, आणि आठ ते दहा आठवड्यांत मानमोडीची आर-टू-बी लस टोचून. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात हे वेळापत्रक दाखवून पक्कं करून घ्या. एका कुपीत पुष्कळ पक्ष्यांचे डोस असतात आणि कालवलेली लस तास-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून वाडीतल्या सगळ्यांच्या कोंबड्या एकाच सकाळी टोचून घ्याव्यात. शेजाऱ्याच्या कोंबड्या लसीशिवाय राहिल्या तर तुमच्या पिलांनाही धोका असतोच.

एकाएकी अनेक पक्षी मेले तर कापू नका, ओढ्यात टाकू नका, विकू तर नकाच. १९६२ वर फोन करा किंवा तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला, तेव्हा आसपासच्या एक किलोमीटरमधल्या कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या होत्या.

निवड, आणि दुसरा कळप

निवड तीनदा करा. आठव्या आठवड्यात अशक्त आणि व्यंग असलेले काढा. सोळाव्या आठवड्यात ताणकाट्यावर वजन करा आणि जातीची ठेवण तपासा. माद्यांची शेवटची निवड त्यांनी दोन महिने अंडी दिल्यावर. ढोबळ मानाने दहा नरांतला एक आणि तीन माद्यांतली एक ठेवायची. सर्वांत वजनदार नरच ठेवत गेलात तर काही पिढ्यांत बसराचा चपळपणा जाईल, म्हणून जातीच्या सरासरीच्या किंचित वर असलेला, चांगल्या आईचा मुलगा निवडा. उरलेले नर गटारीच्या आठवड्यात चांगल्या भावाने जातात. राखण-नवसाला ठरावीक रंगाचा कोंबडा मागणारेही येतात. त्यांच्यासाठी पैदाशीचा नर मात्र काढून देऊ नका, कितीही पैसे देऊ केले तरी.

तिसऱ्या वर्षी प्रत्येक खुराड्यातल्या दोन-दोन माद्या आणि एकेक नर दुसऱ्या तालुक्यातल्या भरवशाच्या माणसाकडे द्या, वहीच्या प्रतीसह. तुमचा कळप शहापुरात असेल तर त्याचा अंबरनाथकडे असावा. आपल्याकडे रोग आला तर त्याच्याकडून अंडी आणता येतात, त्याच्याकडे आला तर आपण देऊ शकतो. देताना कड्यांचे रंग तेच ठेवायला सांगा आणि त्याने मध्येच दुसरी जात आणली तर लगेच कळवायचं, हे आधीच बोलून घ्या.